वजन कमी करण्याच्या बायपासनंतर जेवल्यावर शुगर का घसरते? एका विकाराची पार्श्वभूमी

जेवणानंतर एक ते तीन तासांनी रक्तातली साखर अचानक खाली येण्याचा हा त्रास लठ्ठपणावरच्या शस्त्रक्रियांपेक्षा जुना आहे. १८८१ मध्ये व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ यांनी कर्करोग झालेला जठराचा भाग काढून उरलेलं जठर आतड्याला जोडण्याची शस्त्रक्रिया यशस्वी केली. पुढे पोटातल्या अल्सरसाठीही जठराचा भाग काढणं रूढ झालं, आणि अशा रुग्णांमध्ये एक नवाच प्रकार दिसू लागला. अन्न जठरात घुसळून थोडं थोडं पुढे जाण्याऐवजी लहान आतड्यात एकदम ओतलं जात होतं. १९२० च्या दशकात त्याला ‘डम्पिंग’ हे नाव मिळालं. जेवल्यावर पहिल्या तासाभरात पोटात कळ, धडधड, जुलाब झाले तर ते लवकरचं डम्पिंग. साखर घसरून घाम, थरथर, गोंधळ उडणं हे उशिराचं.

१९६६ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन आणि चिकाशी इटो यांनी वजन कमी करण्यासाठी पहिला गॅस्ट्रिक बायपास केला, म्हणजे जठराचा वरचा लहान भाग वेगळा करून थेट लहान आतड्याला जोडला. जठराचा भाग काढलेल्या अल्सरच्या रुग्णांचं वजन उतरतं, हे पाहूनच त्यांना ही कल्पना सुचली होती. म्हणजे वजनाची शस्त्रक्रिया अल्सरच्या शस्त्रक्रियेतून जन्मली, आणि डम्पिंगचा वारसाही तिच्याकडे आला. नेमक्या त्याच सुमारास हे ज्ञान मागे पडायला लागलं. सत्तरच्या दशकात आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या आल्या, अल्सरसाठी जठर कापण्याची गरज झपाट्याने कमी झाली, आणि उशिराचं डम्पिंग रोज पाहणारी डॉक्टरांची पिढी निवृत्त होत गेली. नव्वदच्या दशकात दुर्बिणीतून बायपास होऊ लागला व रुग्ण वाढले, तेव्हा जेवणानंतर बरळणाऱ्या किंवा बेशुद्ध पडणाऱ्या माणसाकडे पाहून पोटाची जुनी शस्त्रक्रिया चटकन आठवत नव्हती. फिट, ताण, घाबरणं अशी कारणं आधी पुढे येत. शस्त्रक्रिया होऊन बहुधा वर्ष उलटल्यावरच त्रास सुरू होतो, त्यामुळे संबंध लावणं आणखी अवघड जातं.

२००५ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयाच्या डॉक्टरांनी बायपास झालेल्या ६ रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. त्यांच्या स्वादुपिंडात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी वाढलेल्या दिसल्या, असं त्यांचं म्हणणं होतं. दोष स्वादुपिंडाचा ठरला की उपाय ओघानेच आला: स्वादुपिंडाचा भाग काढा. काही रुग्णांचा भाग काढलाही गेला. अनेकांना त्रास पुन्हा सुरू झाला. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाने तपासलं, तर पेशी वाढल्याचा पुरावा त्यांना सापडला नाही. आमच्या मते या इतिहासातला हा सर्वांत महाग पडलेला टप्पा आहे.

खरं चित्र २०१० च्या एका प्रयोगाने स्वच्छ दाखवलं. बायपासमध्ये मोठं जठर कापून टाकत नाहीत, ते शरीरातच बाजूला राहतं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डॉक्टरांनी एका रुग्णाच्या या बाजूला पडलेल्या जठरात नळी घातली. तोच आहार तोंडाने दिला तर साखर आधी उसळून नंतर घसरत होती. नळीतून जुन्या वाटेने दिला तर इन्सुलिनची उसळीही नाही, घसरणही नाही. माणूस तोच, स्वादुपिंड तेच. बदलली होती ती फक्त अन्नाची वाट.

मधला दुवा म्हणजे आतड्यातून सुटणारं जीएलपी-१ हे संप्रेरक. अन्न वेगाने आतड्यात पोचलं की ते कितीतरी पट जास्त सुटतं आणि इन्सुलिन वाढवतं. साखर ओसरते, इन्सुलिन मात्र मागे उरतं. जीएलपी-१ चा रस्ता अडवणारा रेणू दिला की घसरण थांबते, हे २०१४ पर्यंत दिसून आलं. हा रेणू गिला मॉन्स्टर या सरड्याच्या विषात सापडलेल्या पदार्थाचा तुकडा आहे. अ‍ॅव्हेक्झिटाइड या नावाने त्याच्या मोठ्या चाचण्या पुढे सुरू झाल्या.

म्हणूनच पहिला उपचार ताटातला आहे. जेवणात कर्बोदकं ३० ग्रॅमच्या आत, मधल्या खाण्यात १५ च्या आत. दोन लहान फुलक्यांतच ३० ग्रॅम होतात. आधी उसळ, अंडं, पनीर किंवा मासे खायचे, पोळी-भात शेवटी. पाणी जेवणासोबत नको, अर्ध्या तासाच्या अंतराने प्यावं. उसाचा रस, पातळ पेज आणि गोड चहा सर्वांत वाईट, कारण पातळ पदार्थ कुठे थांबतच नाही. उपासाचा दिवस विशेष जपावा: दिवसभर पोट रिकामं आणि मग साबुदाण्याची खिचडी, म्हणजे मुख्यतः स्टार्च. स्लीव्ह शस्त्रक्रियेनंतरही, म्हणजे जठराचा मोठा भाग कापून ते नळीसारखं अरुंद केल्यावरही, हा त्रास होऊ शकतो.

तपासणीतही चुका होतात. एचबीए१सी ही रक्तचाचणी साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगते. चढ आणि उतार एकमेकांना झाकतात आणि अहवाल ‘नॉर्मल’ येतो. ग्लुकोजचं पाणी पाजून करायची चाचणी इथे टाळतात, कारण बायपासनंतर त्रास नसलेल्यांचीही साखर त्यात घसरू शकते. लक्षणं असताना शिरेतल्या रक्तात साखर दर डेसिलिटरला ५४ मिलिग्रॅमच्या खाली आणि साखर दिल्यावर लक्षणं जाणं, हा खरा पुरावा. त्याच वेळी इन्सुलिन व सी-पेप्टाइड (इन्सुलिनसोबतच स्वादुपिंडातून सुटणारा पदार्थ) तपासून घ्यावं. उपाशीपोटीही साखर घसरत असेल तर स्वादुपिंडातल्या गाठीसह इतर कारणं शोधावी लागतात.

झटका आलाच तर १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे पावडरचे साधारण तीन सपाट चमचे, पाण्यातून. १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं. आकडा वर आला की मूठभर शेंगदाणे किंवा पनीरचा तुकडा, नाहीतर त्याच ग्लुकोजने नवी उसळी आणि नवी घसरण होते. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट रुग्णालय गाठावं. आहाराने भागलं नाही तर डॉक्टर बऱ्याचदा जेवणाबरोबर अकार्बोज देतात. ते आतड्यात कर्बोदकं फुटण्याचा वेग कमी करतं. पण ही गोळी चालू असताना घरातली साखर आणि गूळ झटक्यात उपयोगी पडत नाहीत. त्यांचं पचनच गोळीने अडवलेलं असतं. अशा माणसाच्या खिशात ग्लुकोजच हवं, आणि ते का हवं हे घरच्यांना, ऑफिसमधल्या शेजाऱ्याला आधीच सांगून ठेवलेलं हवं.