सहा तारा आणि ऐकणाऱ्याचा कान

ओळखीच्या गाण्याचे फक्त अकूस्टिक गिटारवर वाजवलेले कव्हर, म्हणजे दुसऱ्या कोणी आपल्या पद्धतीने केलेली आवृत्ती, ऐकताना एक विलक्षण गोष्ट घडते आणि ती सहसा ध्यानातही येत नाही. गायक नसतो, शब्द नसतात, ड्रम नसतात, बेस गिटार नसते. तरीही काही सेकंदांत मनात शब्द उमटू लागतात आणि जे वाजतच नाही तेही ऐकू येऊ लागते. वादकाचे कौतुक करावेच, परंतु या करामतीतला मोठा वाटा ऐकणाऱ्याच्या कानाचा आणि स्मरणाचा असतो. गिटारवादक अर्धे गाणे वाजवतो आणि उरलेले आपल्याकडून वाजवून घेतो, असे म्हटले तर ती निव्वळ अतिशयोक्ती ठरणार नाही.

प्रथम वाद्याची मर्यादा पाहू. गिटारच्या सहा तारा नेहमीच्या ट्युनिंगमध्ये साधारण ८२, ११०, १४७, १९६, २४७ आणि ३३० हर्ट्झ (सेकंदाला तितकी कंपने) या वारंवारतांना लावलेल्या असतात. तार इतकी बारीक असते की ती स्वतः हवा फारशी हलवू शकत नाही. तिचे कंपन घोडीवाटे वरच्या पातळ लाकडी फळीला मिळते आणि आपल्यापर्यंत येतो तो मुख्यतः त्या फळीचा आणि पेटीत कोंडलेल्या हवेचा नाद. तार छेडताना बोटाने जेवढी ऊर्जा दिली, तेवढ्याच भांडवलावर हा सारा व्यवहार चालतो. फळीने ती भराभर उचलली तर स्वर मोठा येतो पण लवकर विझतो, आणि सावकाश उचलली तर तो टिकतो पण बारीक राहतो. गायकाला एखादा स्वर धरून ठेवता येतो, हळूहळू फुलवता येतो. गिटारचा स्वर मात्र छेडल्या क्षणापासून ओसरतच जातो. म्हणूनच मूळ गाण्यात गायकाने जिथे लांब स्वर घेतला असेल, त्या जागी कव्हर करणारा काय करतो हे आवर्जून ऐकावे. कोणी तो स्वर पुन्हा छेडतो, कोणी बोट तारेवरून घसरवत त्याच्यापर्यंत पोहोचतो, कोणी खालच्या तारांवर हलती स्वरावली पेरून वरच्या विझत्या स्वराचा आभास टिकवून धरतो. माझ्या मते कव्हरची गुणवत्ता वेगापेक्षा या जागांवर अधिक कळते.

दुसरी जागा नादाच्या जातीची. पहिल्या तारेचा मोकळा स्वर दुसऱ्या तारेवर पाचव्या फ्रेटवर (गिटारच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर), तिसरीवर नवव्या आणि चौथीवर चौदाव्या फ्रेटवरही मिळतो. तारता, म्हणजे स्वराची उंची, तीच; पण तारेची जाडी आणि कंप पावणारी लांबी निराळी असल्यामुळे आवाजाचा पोत बदलतो. शिवाय तार कोठे छेडली यावरही पुष्कळ अवलंबून असते. प्रत्येक तार मूळ स्वरासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे उपस्वरही देत असते. तार ज्या बिंदूवर छेडली जाते, त्या बिंदूवर ज्या उपस्वरांचे कंपन शून्य असते ते उपस्वर उमटत नाहीत, हे थॉमस यंग या इंग्लिश शास्त्रज्ञाने १८०० साली नोंदवले होते. बरोबर मध्यावर छेडल्यास दुप्पट, चौपट, सहापट वारंवारतेचे असे सगळे सम उपस्वर गळतात आणि नाद गोल, काहीसा पोकळ येतो. घोडीजवळ छेडल्यास वरचे उपस्वर ठळक होऊन तो धारदार बनतो. एकाच चालीचे दुसरे कडवे वेगळ्या गायकाने म्हटल्यासारखे वाटते, त्यामागे अनेकदा उजव्या हाताचे हे काही सेंटिमीटरचे सरकणे असते.

आता कानाकडे वळू. एकच गिटार वाजत असताना दोन वाद्ये चालू आहेत असे का वाटते? अल्बर्ट ब्रेगमन या मानसशास्त्रज्ञाने कानावर पडणाऱ्या सरमिसळीतून मेंदू निरनिराळे ध्वनिप्रवाह कसे वेगळे काढतो याचा दीर्घकाळ अभ्यास केला. जेफ्री कॅम्बेल यांच्यासह १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात त्यांनी तीन उंच आणि तीन खालचे स्वर आलटून पालटून वेगाने ऐकवले. ऐकणाऱ्यांना उंच स्वरांचा आपसातला क्रम सांगता आला, खालच्यांचाही सांगता आला, पण उंच आणि खालच्या स्वरांचा एकमेकांतला क्रम सांगणे जमेना. कारण मेंदूने त्यांची दोन स्वतंत्र प्रवाहांत विभागणी केली होती. मर्ल ट्रॅव्हिस आणि चेट ॲटकिन्स या अमेरिकन वादकांनी लोकप्रिय केलेली शैली नेमकी या विभागणीवर उभी आहे. अंगठा खालच्या तारांवर एकसारखा ठेका धरतो, बाकीची बोटे वरच्या तारांवर चाल वाजवतात, आणि दोन्हींमध्ये तारतेचे पुरेसे अंतर असल्यामुळे कान एका हाताचे दोन वादक करतो. ते अंतर कमी झाले की सारा गुंता होतो. नवशिक्याच्या वादनात सगळे स्वर बिनचूक असूनही चाल हरवल्यासारखी वाटते, त्याचे एक कारण हेच.

ड्रमचा आभासही असाच निर्माण होतो. गिटारच्या पेटीतली हवा आणि तोंडाशी असलेले गोल भोक मिळून साधारण १०० हर्ट्झच्या आसपास अनुनाद देतात, आणि वरच्या फळीचा प्रमुख अनुनाद त्याच्या जवळपास दुप्पट वारंवारतेला असतो. तळहाताच्या टाचेने भोकाजवळ थाप मारली की मोठ्या ड्रमसारखा घुमारा येतो; कडेच्या लाकडावर बोटांनी टिचकी दिली की कोरडा, तुटक आवाज मिळतो. अमेरिकन गिटारवादक मायकेल हेजेस यांच्यापासून पुढे अनेकांनी या थापांना चालीइतकेच महत्त्व दिले. यातले सगळेच सुश्राव्य असते असे मला वाटत नाही. कित्येकदा थाप ही चालीची सोबत न राहता तिची प्रतिस्पर्धी होते.

आपण यातले बरेचसे वादन मोबाइल फोनवर ऐकतो, आणि तिथे कानाची आणखी मोठी कामगिरी दिसते. फोनचा इवलासा स्पीकर ८२ किंवा ११० हर्ट्झचा मूळ स्वर जवळजवळ देऊच शकत नाही. तरीही अंगठ्याने धरलेला खर्ज आपल्याला ऐकू येतो. याचे कारण असे की ८२ हर्ट्झच्या तारेचे २४७, ३३०, ४१२ असे उपस्वर स्पीकरमधून बाहेर पडतात आणि त्यांच्यामधले समान अंतर ८२ चेच असते. एवढ्या खुणेवरून मेंदू गैरहजर मूळ स्वराची तारता ठरवून टाकतो. या लुप्त मूलस्वराकडे ऑगस्ट झेबेक या जर्मन शास्त्रज्ञाने १८४० च्या दशकात, छिद्रे पाडलेल्या तबकड्यांच्या सायरनवर प्रयोग करताना लक्ष वेधले होते. अर्थात तारता कळली तरी खर्जाचा भरदारपणा आणि लाकडाचा घुमारा फोनवर हरवतोच. त्यामुळे एखादे वादन पातळ वाटले तर दोष वादकाला देण्यापूर्वी तेच एकदा चांगल्या हेडफोनवर ऐकणे न्याय्य ठरते.

गाणे ओळखू येते ते मात्र कशावरून? मूळ ध्वनिमुद्रण ओळखायला नादाचा पोतच पुरतो. ग्लेन शेलेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, शीर्षकांची यादी समोर असताना लोकांनी लोकप्रिय गाण्यांचे अवघे ०.१ सेकंदाचे तुकडेही निव्वळ अंदाजाने जमेल त्याहून अधिक वेळा बरोबर ओळखले. एवढ्या वेळात चाल उलगडतच नाही. कव्हरमध्ये हा पोत पूर्णपणे बदललेला असतो, म्हणजे उरते ती चाल. सगळे स्वर बदलले तरी त्यांच्यातले संबंध तेच राहिले तर चाल तीच राहते, हा मुद्दा ऑस्ट्रियन तत्त्वज्ञ क्रिस्टियान फॉन एरनफेल्स यांनी १८९० साली मांडला होता. गिटारवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावून अख्खे गाणे वरच्या पट्टीत नेले तरी कोणाची तक्रार नसते, ती याचमुळे.

परंतु या सवलतीला मर्यादा आहे. डायना डॉइच यांनी १९७२ साली एका अतिपरिचित चालीचे स्वर तेच ठेवून प्रत्येक स्वर तीनपैकी कोणत्याही सप्तकात टाकला, तेव्हा ती चाल लोकांना ओळखता येईना. एकदा नाव कळले, की मात्र तीच विखुरलेली स्वरमाला ऐकणाऱ्याला मनातल्या मनात पडताळता येत होती. गिटारवादकाला या प्रयोगाशी रोज सामना करावा लागतो. गायकाचा आवाज जिथवर चढतो तिथवर हात पोहोचत नाही, म्हणून मधलीच एखादी ओळ सप्तकभर खाली आणावी लागते, आणि तो सांधा कुठे जोडायचा यावर चाल टिकणार की तुटणार हे ठरते.

यंत्रांची गोष्ट नेमकी उलटी आहे. ध्वनिमुद्रण ओळखणाऱ्या शाझामसारख्या सेवेची पद्धत एव्हरी वांग यांनी २००३ साली प्रसिद्ध केली. तीत ध्वनीच्या आलेखातली ठळक शिखरे आणि त्यांच्यामधली अंतरे यांवरून जणू बोटांचा ठसा तयार केला जातो. हा ठसा त्या एका ध्वनिमुद्रणाचा असतो. गिटारवर वेगळ्या पट्टीत, वेगळ्या लयीत वाजवलेल्या चालीशी तो जुळत नाही. कव्हर शोधण्यासाठी म्हणून संशोधकांनी दुसरी वाट धरली. सगळी सप्तके एकावर एक दुमडून फक्त १२ स्वरस्थानांची ऊर्जा मोजायची, पट्टी जुळवण्यासाठी ही १२ घरे फिरवून पाहायची आणि लय निराळी असेल तर आलेख ताणून जुळवायचे. गंमत अशी, की डॉइच यांच्या प्रयोगातली विखुरलेली चाल माणसाला चकवते, पण सप्तकाची पर्वाच नसलेल्या या यंत्रासाठी ती मूळ चालीसारखीच असते.

चाल ओळखली गेली की आनंदाचे गणित सुरू होते. व्हिन्सेंट च्युंग आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली ७४५ लोकप्रिय गाण्यांतल्या सुमारे ८०,००० कॉर्डचे, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहांचे, विश्लेषण केले आणि शब्द व चाल काढून टाकलेल्या कॉर्डमाला लोकांना ऐकवल्या. पुढे काय येणार याची खात्री असताना अनपेक्षित कॉर्ड आली, किंवा खात्री नसताना अपेक्षित तीच आली, तर ती अधिक सुखद वाटत होती. कव्हर ऐकणाऱ्याला मूळ गाणे पाठ असल्यामुळे त्याची खात्री आधीच पक्की असते. म्हणून वादकाने एकच कॉर्ड बदलली तरी अंगावर काटा येऊ शकतो. मूळ गाणे न ऐकलेल्या मित्राला तोच तुकडा पाठवला, तर तो ‘छान आहे’ एवढेच म्हणतो. त्याचा कान कच्चा नसतो. त्याच्यापाशी मोडायला अपेक्षाच नसते.

पाठवण्याच्या या व्यवहारात ध्वनीखेरीज आणखी दोन गोष्टी जातात. एक म्हणजे दृश्य. चिया-जुंग त्साय यांच्या २०१३ च्या अभ्यासात, संगीतस्पर्धेतला विजेता ओळखताना आवाज बंद केलेल्या चित्रफिती पाहणारे लोक केवळ आवाज ऐकणाऱ्यांपेक्षा सरस ठरले, आणि त्यांत व्यावसायिक संगीतकारही होते. पुढे इतर संशोधकांनी दाखवून दिले की निवडलेल्या चित्रफिती बदलल्या की निष्कर्षही बदलतो, तेव्हा डोळा कानाला नेहमीच हरवतो असे म्हणता येणार नाही. तथापि फ्रेटबोर्डवर धावणारी बोटे पाहून आपण ऐकलेल्या संगीताला दोन गुण जास्त देतो, हे स्वतःपुरते तरी मी कबूल करतो. (फोनच्या कॅमेऱ्यात तारा नागमोडी हलताना दिसतात तो मात्र वादनाचा गुण नव्हे. कॅमेरा चित्राच्या ओळी एकापाठोपाठ एक टिपतो, तेवढ्यात तार हललेली असते.)

दुसरी गोष्ट म्हणजे आकडा. मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १४,३४१ लोकांना अनोळखी वाद्यवृंदांची ४८ गाणी दिली. काहींना आधीच्या लोकांनी कोणते गाणे किती वेळा उतरवून घेतले (डाउनलोड केले) ते दिसत होते, काहींना नव्हते. आणि आकडे दिसणाऱ्यांचे आठ स्वतंत्र गट होते. आकडे दिसू लागताच लोकप्रिय गाणी अधिकच लोकप्रिय झाली, पण कोणते गाणे वर जाईल हे गटागटाप्रमाणे बदलले. सर्वांत चांगली गाणी क्वचितच तळाला गेली आणि सर्वांत वाईट क्वचितच शिखरावर. मधल्यांचे काहीही होऊ शकले. याचा अर्थ यादीच्या खालच्या भागात चांगले वादन दडून राहण्याची शक्यता बरीच मोठी आहे, आणि एका आवडत्या गाण्याची निरनिराळी कव्हरे आकड्यांकडे न पाहता ऐकणे ही शोधाची समंजस पद्धत आहे.

शीर्षक, चित्र आणि आकडा या तिन्ही गोष्टी पहिला स्वर वाजण्याआधीच पोहोचलेल्या असतात, आणि त्यांतले शीर्षक तर विखुरलेली चालही जोडून देते. म्हणून मी अलीकडे आवडलेले वादन मित्रांना पाठवताना गाण्याचे नाव लिहीत नाही, दुव्याऐवजी नुसता आवाजाचा तुकडा पाठवतो आणि कितव्या सेकंदाला गाणे ओळखले एवढेच विचारतो. उत्तरे पाच सेकंदांपासून ‘ओळखलेच नाही’ पर्यंत सर्व प्रकारची येतात. त्यांतल्या न ओळखणाऱ्याचे मत मी सर्वांत लक्षपूर्वक वाचतो, कारण त्याने फक्त गिटार ऐकलेली असते.