काटा दाखवतो तो दाब, उंची नव्हे

ऐन पावसाळ्यात चिपी विमानतळावर घिरट्या घालून विमान न उतरताच माघारी गेलं, की सिंधुदुर्गात एक प्रश्न हमखास निघतो: उंची सांगणारं यंत्र असताना अडतं कुठे? ठरलेल्या उंचीपर्यंत खाली येऊनही धावपट्टी दिसली नाही तर वैमानिकाला पुन्हा वर जावंच लागतं, हे खरं उत्तर. पण त्या प्रश्नातच एक गैरसमज आहे. दाबावर चालणारा उंचीमापक उंची मोजत नाही.

त्याच्या पोटात हवा काढून घेतलेली पातळ धातूची डबी असते. बाहेरचा दाब घटला की ती फुगते आणि काटा सरकतो. समुद्रालगत दाबातला एक हेक्टोपास्कलचा (दाबाचं एकक) फरक म्हणजे सुमारे २७ फूट. प्रमाण दाब १०१३.२५ धरलेला असतो. जुलैत कोकण किनाऱ्यावर प्रत्यक्ष दाब अनेकदा १००५ च्याही खाली जातो. काटा स्थानिक दाबाशी जुळवला नाही, तर विमान दाखवल्यापेक्षा दोनशेहून जास्त फूट खाली असतं. समोर सडा (कातळाचं पठार) असताना हा फरक जीवघेणा. पॉल कोल्समन यांनी १९२८ मध्ये स्थानिक दाब लावता येईल असा संवेदनशील उंचीमापक बनवला आणि २४ सप्टेंबर १९२९ रोजी अमेरिकी वैमानिक जिमी डूलिटल यांनी तो वापरून, बाहेरचं काहीही न पाहता, उड्डाण करून विमान उतरवलं.

वेगाचंही तसंच. पिटो नळी समोरून आदळणाऱ्या हवेचा जादा दाब मोजते. तो घनतेवर आणि वेगाच्या वर्गावर अवलंबून असतो, आणि तबकडी आखलेली असते समुद्रसपाटीच्या १.२२५ किलो प्रति घनमीटर या घनतेसाठी. वर हवा विरळ. त्यामुळे १०,००० फुटांवर काटा १०० नॉट (ताशी सागरी मैल) म्हणतो तेव्हा खरा वेग असतो ११६.

ही दुरुस्ती उडता उडता करायची कशी? १९३० च्या दशकात अमेरिकेच्या फिलिप डाल्टन यांनी त्यासाठी गोल गणकचकती घडवली. मला ती विलक्षण सुंदर वाटते. खरा वेग काढायला दाखवलेल्या वेगाला समुद्रसपाटीच्या आणि तिथल्या घनतेच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाने गुणावं लागतं. घनता दाबाच्या सम आणि केल्विनमधल्या तापमानाच्या व्यस्त प्रमाणात. लॉगॅरिथम घेतला की गुणाकाराची बेरीज होते, वर्गमुळाचा निम्मा भाग. म्हणून एकात एक फिरणाऱ्या दोन चकत्यांवर आकडे लॉगॅरिथमच्या अंतराने कोरलेले असतात. चकतीवरच्या छोट्या खिडकीत १०,००० फुटांसमोर उणे ५ अंश तापमान आणलं की आतली चकती जवळपास २४ अंशांनी फिरते. आता आतल्या (दाखवलेल्या वेगाच्या) ८० समोर बाहेर (खरा वेग) ९३, १०० समोर ११६, १२० समोर १४०. एकदाच फिरवायचं, सगळे वेग दुरुस्त!

प्राचीन विमानविद्येचे संदेश फिरवणाऱ्यांनी हे हिशेब जरूर पाहावेत. ‘वैमानिक शास्त्र’ या प्राचीन म्हणून मिरवणाऱ्या ग्रंथातली विमानं १९७४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी तपासली. ती उडूच शकत नाहीत, असं त्यांनी दाखवून दिलं.

आणि दमट हवा जड असते, हाही समज चुकीचा. पाण्याच्या रेणूचं वजन १८, कोरड्या हवेचं सरासरी २९. मे महिन्यात किनाऱ्यावर ३५ अंश तापमान असताना नुसत्या उष्णतेमुळेच काट्यावरचे १०० नॉट म्हणजे खरे १०३. दमटपणा त्यात थोडी भरच घालतो. उड्डाणाला धावपट्टी तेवढी जास्त लागते.