खाटेपासून दूर, मग एकदम खाटेशी

सोलापूरच्या सिव्हिलमध्ये रुग्णाची हिस्टरी, म्हणजे त्याच्या आजाराची माहिती, घ्यायला शिकणं म्हणजे निम्मं भाषा शिकणंच असतं. पूर्व भागातला यंत्रमाग कामगार तेलुगूत 'नोप्पी' म्हणतो, अक्कलकोटकडून आलेली आजी कन्नडमध्ये 'नोवु' म्हणते. दोघांनाही दुखतंय, हे बाहेरगावच्या विद्यार्थ्याला खाटेशेजारी उभं राहून कळतं. मार्च २०२० मध्ये कोविड आला आणि ते उभं राहणंच थांबलं.

साथी या शहराला नव्या नाहीत. १८९६ मध्ये मुंबईत शिरलेला प्लेग पुढे सोलापुरातही आला. १९१८ चा इन्फ्लुएन्झा जुन्या लोकांच्या बोलण्यात 'मानमोडी' म्हणून राहिला. प्लेगच्या धास्तीतून १८९७ चा साथरोग कायदा झाला आणि मार्च २०२० मध्ये राज्याने तोच लागू केला. पण त्या दोन्ही साथींत सोलापुरात वैद्यकीय महाविद्यालय नव्हतं. डॉ. वैशंपायन स्मृती महाविद्यालय सुरू झालं १९६३ साली. सगळं शहर ठप्प करणारी साथ आणि एमबीबीएसचं शिक्षण एकाच आवारात, हा अनुभव कोविडनेच दिला.

वेळही वाईट होती. ऑगस्ट २०१९ पासून देशभर एमबीबीएसचा क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम सुरू झाला होता. पहिल्याच वर्षापासून रुग्णाशी ओळख, संवाद आणि नीतिमत्ता यांवर त्याचा भर. या पहिल्या बॅचचे जेमतेम आठ महिने झाले आणि टाळेबंदी लागली. हॉस्टेलं रिकामी झाली, डिसेक्शन, म्हणजे शवविच्छेदन, मोबाइलच्या पडद्यावर आलं, आणि खेड्यात परतलेली मुलं रेंज शोधत गच्चीवर बसू लागली. लेक्चर ऑनलाइन होऊ शकतं. पोट तपासताना वाढलेल्या यकृताची कडा बोटाला लागणं मात्र ऑनलाइन होत नाही.

मला यातली खरी हानी वेगळी वाटते. डॉक्टरचं मन घडतं ते पायरीपायरीने. आधी शवविच्छेदनाच्या टेबलापाशी सगळ्या बॅचबरोबर उभं राहायचं, मग आठ-दहा जणांच्या गटात वॉर्डात जायचं, मग सीनियरच्या मागे राहून एखादा मृत्यू पाहायचा आणि रात्री मेसमध्ये त्यावर बोलायचं. भीती सगळ्यांनाच वाटते, पण ती एकट्याने सोसायची नसते. साथीने धाकट्यांना या पायऱ्या चढूच दिल्या नाहीत आणि मोठ्यांना एकदम वरच्या पायरीवर नेऊन उभं केलं.

मोठे म्हणजे इंटर्न आणि पदव्युत्तर शिक्षण घेता घेता वॉर्ड सांभाळणारे निवासी डॉक्टर. पीपीई किट चढवलं की तासन्‌तास पाणी नाही. नातेवाइकांना आत प्रवेश नाही, त्यामुळे शेवटचा निरोप पोचवायचा तोही यांनीच. दुसऱ्या लाटेत, ३ मे २०२१ रोजी, केंद्राने इंटर्ननाही कोविड ड्युटीवर घेण्याची आणि अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून फोनवरून सल्ला व सौम्य रुग्णांची देखरेख करून घेण्याची मुभा दिली. कामाचे शंभर दिवस भरणाऱ्यांना सरकारी भरतीत प्राधान्य मिळणार होतं. डॉ. द्वारकानाथ कोटणीस याच सोलापूरचे, आणि सेवेचा विषय निघाला की त्यांचं नाव येतंच. पण १९३८ मध्ये ते युद्धातल्या जखमींवर उपचार करायला चीनला गेले ते पदवी हातात घेऊन आणि स्वतःच्या इच्छेने. शिकत असलेल्या मुलांना ते उदाहरण देताना हा फरक विसरता कामा नये.

परीक्षांचा घोळ तर वेगळाच. १८ एप्रिल २०२१ ची नीट-पीजी ही पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा अगदी तोंडावर पुढे ढकलली गेली आणि झाली ११ सप्टेंबरला. नंतर आर्थिक दुर्बल घटकांच्या आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि प्रवेशाच्या जागावाटपाचं समुपदेशन जानेवारी २०२२ पर्यंत रखडलं. कागदावर हा नुसता तारखांचा खेळ दिसतो. वॉर्डात त्याचा अर्थ असा, की पहिल्या वर्षाचे निवासी डॉक्टर आलेच नाहीत आणि तीन बॅचचं काम दोन बॅचवर पडलं. तिकडे परीक्षार्थी महिनोन्‌महिने तीच पुस्तकं पुन्हा पुन्हा वाचत घरी अडकले. कधी संपणार हे माहीत नसलेली वाट पाहणं झोप खातं, आणि आत्मविश्वासही.

हा ताण कोविडनेच निर्माण केला असं म्हणणं चुकीचं ठरेल. रॅगिंग, छत्तीस-छत्तीस तासांच्या ड्युट्या, फीचं ओझं, नापास होण्याची लाज हे सगळं आधीपासूनच होतं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने २०२४ मध्ये ऑनलाइन पाहणीचे आकडे दिले. त्यात २५,५९० पदवी विद्यार्थ्यांपैकी २७.८ टक्के जणांनी मानसिक आजाराचं निदान झाल्याचं सांगितलं. आत्महत्येचा विचार मनात आल्याचं पदवीच्या १६.२ आणि पदव्युत्तरच्या ३१.२ टक्के विद्यार्थ्यांनी कबूल केलं. ही पाहणी ऐच्छिक होती, म्हणून हे आकडे जसेच्या तसे प्रत्येक महाविद्यालयाला लावता येणार नाहीत. तरीही एवढी मुलं हे लिहून देतात, याकडे डोळेझाक करणं मला शक्य नाही.

निवासी डॉक्टरांना आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त काम नको, एक सुट्टी हवी आणि रोज सात-आठ तास झोप हवी, अशी शिफारस त्याच अहवालात आहे. केंद्राची टेलिमानस ही मोफत हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६. तो मराठीतही बोलतो, आणि डॉक्टर होऊ घातलेल्यांनीही तो बिनदिक्कत फिरवावा.