धुतलेल्या पत्राला पुन्हा हात: वेबमेलमधल्या एक्सएसएसची पार्श्वभूमी

१३ जुलै २०२३, गुरुवार. झिम्ब्रा हे वेबमेल (ब्राउझरमध्ये टपाल दाखवणारे सॉफ्टवेअर) चालवणाऱ्या सगळ्यांना निर्मात्यांची सूचना आली: पॅच यायला वेळ आहे, तोवर दुरुस्ती हाताने करा. ‘मोमूव्हटू’ नावाची एक फाइल उघडायची, तिची प्रत काढून ठेवायची, चाळिसाव्या ओळीवर जायचे. तिथे एक दडलेला इनपुट होता. वेबपत्त्यातून आलेले ‘एसटी’चे मूल्य त्यात जसेच्या तसे छापले जात होते. पत्त्यात कोणी स्क्रिप्ट (ब्राउझरमध्ये चालणारा कोड) लिहिली तर तीही पानात शिरत होती. दुसऱ्याची स्क्रिप्ट अशी आपल्या पानात चालणे म्हणजेच एक्सएसएस. त्या मूल्याभोवती ‘एस्केपएक्सएमएल’ (कोडची चिन्हे निष्प्रभ करणारे फंक्शन) गुंडाळायचे, की काम झाले. सर्व्हर बंद-चालू करायचीही गरज नव्हती. अंधेरीच्या एका ग्राहकाचा सर्व्हर आमच्याकडे होता. बदल करायला दोन मिनिटे पुरली, नीट झाला की नाही हे तीनदा तपासण्यात रात्र गेली.

ती एक ओळ इतकी महागात का पडली, ते तारखांवरून समजते. फट वापरून पहिला हल्ला जूनच्या अखेरीस झाला होता. दुरुस्तीचा कोड ५ जुलैला सार्वजनिक कोडसाठ्यात आला आणि अधिकृत पॅच निघाला २५ जुलैला. मधल्या वीस दिवसांत दुरुस्ती वाचून फट ओळखणारे दुसरे हल्लेखोर कामाला लागले. पॅच निघाल्यावरही आणखी एक मोहीम झाली. वेबमेलच्या एक्सएसएसचा गेल्या काही वर्षांचा इतिहास थोड्याफार फरकाने असाच आहे.

जुना काळ थोडक्यात सांगता येतो. १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईसह चार महानगरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले. तेव्हाच्या शेल अकाउंटवर पत्र म्हणजे काळ्या पडद्यावरची अक्षरे. त्यात स्क्रिप्ट लिहून पाठवली तरी ती नुसती वाचली जायची, चालायची नाही. पुढच्याच वर्षी ब्राउझरमध्ये टपाल दाखवणारी हॉटमेल सेवा आली. सायबर कॅफेत बसून पत्र वाचता येऊ लागले आणि त्याच क्षणी दुसऱ्याने लिहिलेला मजकूर आपल्या लॉगिन झालेल्या पानात शिरला. ऑगस्ट १९९८ मध्ये एका वेब डेव्हलपरने ते करूनही दाखवले. पत्र उघडताच ‘पुन्हा लॉगिन करा’ असे खोटे पान यायचे आणि टाकलेला पासवर्ड भलतीकडेच जायचा. सेवेने स्क्रिप्ट गाळायला सुरुवात केली. साधारण वर्षभराने स्टाइल टॅगमधून (पानाची सजावट सांगणाऱ्या खुणेतून) तीच स्क्रिप्ट आत नेता येते हे दुसऱ्या एकाने दाखवले.

‘क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग’ हे नाव २००० सालच्या जानेवारीत ठरले आणि २ फेब्रुवारीच्या जाहीर इशाऱ्यातून जगाला कळले. संक्षेपात ‘सी’ऐवजी ‘एक्स’ आला, कारण सीएसएस हे स्टाइलशीटचे नाव आधीच रूढ होते. वेबमेलच्या बाबतीत हे नाव दिशाभूल करते. क्रॉस-साइट म्हटल्यावर कार्यालयातल्या माणसाला वाटते की कुठल्यातरी संशयास्पद साइटवर गेल्याशिवाय आपल्याला धोका नाही. वेबमेलमध्ये कुठेही जावे लागत नाही. साइट आपलीच, लॉगिन आपलेच, पत्रही आपल्यालाच आलेले. ते उघडणे हे तर रोजचे काम. ‘अनोळखी लिंकवर क्लिक करू नका’ हा सल्ला इथे पुरत नाही. तो दिला की जबाबदारी मात्र वाचणाऱ्यावर ढकलली जाते.

जून २००६ मध्ये याहू मेलमध्ये यामॅनर नावाचा किडा पसरला तोही असाच. चित्राच्या टॅगला ‘ऑनलोड’ (चित्र आले की कोड चालवणारा गुणधर्म) जोडलेला होता. पत्र उघडले की तो संपर्कयादी वाचून स्वतःला पुढे पाठवायचा. जोडपत्र नव्हते, डाउनलोड नव्हते.

खरा गुंता मात्र दुसऱ्याच शब्दात आहे. सॅनिटाइझ करणे म्हणजे नक्की काय? साध्या फॉर्ममध्ये उत्तर सोपे असते: एस्केप करा. ‘<’ आणि ‘>’ हे कोनी कंस निष्प्रभ केले की ब्राउझरला ते अक्षर म्हणूनच दिसतात. २०२३च्या त्या ओळीचे इतक्यावर भागले. पण वेबमेलला पत्रातले ठळक अक्षर, तक्ता, चित्र दाखवायचेच असते. कोटेशनचा तक्ता कंस-चिन्हांत दिसू लागला तर मस्जिद बंदरचा व्यापारी दुसऱ्या दिवशी दुसरी सेवा घेईल. म्हणजे सगळे एस्केप करता येत नाही, निवडून धुवावे लागते. काय ठेवायचे आणि काय काढायचे, यावर या क्षेत्रात पंचवीस वर्षे वाद चालू आहे.

आधीची पद्धत बंदीच्या यादीची होती. स्क्रिप्ट टॅग काढा, ‘ऑन’ने सुरू होणारे गुणधर्म काढा, ‘जावास्क्रिप्ट’ने सुरू होणारा पत्ता काढा. स्वस्तातल्या होस्टिंगवर वर्षानुवर्षे दिसलेल्या स्क्विरलमेल या वेबमेलचा गाळणा बराचसा याच विचाराचा. त्याची शेवटची स्थिर आवृत्ती २०११ची. एचटीएमएल तिथे थांबले नाही. रेखाचित्रांसाठी एसव्हीजी आले, गणितासाठी मॅथएमएल आले, फॉर्म कुठे जाईल हे ठरवणारे ‘फॉर्मअॅक्शन’ बटणाला आले. २०१८ मध्ये याच नव्या टॅगांमधून त्या गाळण्याला बगल देता येते हे उघड झाले. यादी लिहिली तेव्हा जे टॅग फारसे कोणी वापरत नव्हते, ते यादीत कसे असणार? त्यामानाने परवानगीची यादी योग्य: ओळखीचे तेवढे ठेवा, बाकी सगळे टाका. राउंडक्यूब या वेबमेलचा ‘वॉशएचटीएमएल’ हा गाळणा या पद्धतीने चालतो आणि ही निवड बरोबर होती असे माझे ठाम मत आहे. तरीही राउंडक्यूब २०२०पासून वारंवार फुटले. दोष फक्त धुण्यात शोधणाऱ्यांनी हे नीट पाहायला हवे.

डिसेंबर २०२० मध्ये दुरुस्त झालेली फट (सीव्हीई-२०२०-३५७३०; सीव्हीई म्हणजे फटींच्या जाहीर यादीतला क्रमांक) एचटीएमएल पत्रात नव्हतीच, साध्या मजकुराच्या पत्रात होती. साध्या मजकुरातले पत्ते क्लिक करता यावेत म्हणून सॉफ्टवेअर आधी ते बाजूला काढते, त्या जागी खूण ठेवते, उरलेला मजकूर एस्केप करते आणि मग लिंक तयार करून खुणेच्या जागी बसवते. या परत बसवण्यात एक तुकडा न धुताच आत जायचा. सप्टेंबर २०२३ मध्ये याच लिंक-संदर्भांच्या भागात दुसरी फट (सीव्हीई-२०२३-४३७७०) बुजवावी लागली. ऑगस्ट २०२४ची सीव्हीई-२०२४-४२००९ याहून बोलकी आहे. पत्र वॉशएचटीएमएलमधून व्यवस्थित धुऊन निघत होते. मग पान सजवणारा कोड त्याच धुतलेल्या मजकुरावर शोधा-आणि-बदला चालवून बॉडी टॅगचे गुणधर्म हलवत होता. त्या बदलात निरुपद्रवी मजकुराचा पुन्हा चालणारा कोड व्हायचा. तपासणाऱ्यांनी याला ‘डीसॅनिटायझेशन’ म्हटले. मराठीत सांगायचे तर धुतलेल्या पत्राला मळका हात लागला.

हा मळका हात कधीकधी ब्राउझरचाही असतो. २०१३ मध्ये एका शोधनिबंधाने दाखवले की स्वच्छ दिसणारा एचटीएमएल ‘इनरएचटीएमएल’मधून (पानात मजकूर भरण्याची कोडमधली सोय) पानात घातला की ब्राउझर तो आपल्या पद्धतीने नीटनेटका करतो आणि त्या नीटनेटकेपणात स्क्रिप्ट जिवंत होते. याला म्युटेशन एक्सएसएस म्हणतात. सर्व्हरवरचा धुणारा एका व्याकरणाने वाचतो, वाचकाचा ब्राउझर दुसऱ्याच. म्हणून डॉमप्युरिफायसारखी साधने ब्राउझरमध्येच, ब्राउझरच्याच वाचनाने धुतात. त्यांनाही बगल दिली गेली आहे, २०१९ मध्ये एसव्हीजी आणि मॅथएमएलच्या आधारे. पण तिथे दुरुस्ती एकाच ठिकाणी करता येते.

एक उदाहरण या मांडणीत बसत नाही, तेही सांगितले पाहिजे. ११ ऑक्टोबर २०२३ला राउंडक्यूब वापरणाऱ्या युरोपातल्या सरकारी कार्यालयांत आलेल्या पत्रांचा विषय होता आउटलुक कसे सुरू करावे. दिसायला अगदी नेहमीचे पत्र. सोर्सच्या शेवटी मात्र एक एसव्हीजी टॅग आणि त्यात बेस-६४ केलेले, म्हणजे अक्षरांच्या सांकेतिक रूपात गुंडाळलेले, आणखी एक दस्तऐवज. ते उलगडले की आत चित्राचा पत्ता नुसता ‘एक्स’. चित्र सापडत नाही, चूक झाली की चालणारा ‘ऑनएरर’ चालतो, स्क्रिप्ट पत्रे वाचून बाहेर पाठवते. इथे दोष धुण्यातच होता, पत्राच्या पोटातले पत्र धुतले गेले नव्हते. सुधारित आवृत्त्या १६ ऑक्टोबरला निघाल्या.

झिम्ब्राच्या कॅलेंडरची गोष्ट तिसऱ्याच प्रकारची. पत्र धुतले जाते, पण सोबत आलेले बैठकीचे निमंत्रण वेगळ्या दाराने आत येते. जानेवारी २०२५ मध्ये ब्राझीलच्या लष्करी यंत्रणेवर अशाच निमंत्रणातून हल्ला झाला. ‘डिटेल्स’ टॅगच्या ‘ऑनटॉगल’ गुणधर्मातली स्क्रिप्ट तिथे गाळली गेली नाही. त्या स्क्रिप्टने पेटीत ‘कोरेओ’ नावाचे फिल्टर (आलेल्या पत्राचे काय करायचे हे ठरवणारा नियम) बसवले. कोरेओ म्हणजे स्पॅनिशमध्ये टपाल. येणारे पत्र गुपचूप बाहेरच्या पत्त्यावर जात राहिले.

आता उपायांबद्दल. २००२ मध्ये आलेली एचटीटीपीओन्ली कुकी (लॉगिनची खूण, जी स्क्रिप्टला वाचता येत नाही) चांगली, पण वेबमेलमध्ये तिच्यावर विसंबू नये. हल्लेखोराला कुकी चोरायचीच नसते. त्याची स्क्रिप्ट आपल्याच पेटीत चालत असते आणि पत्रे मागते तेव्हा कुकी ब्राउझरच जोडतो. कोणत्या स्क्रिप्ट चालू द्यायच्या हे ब्राउझरला सांगणारी कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी त्याहून बळकट. जीमेलने ती डिसेंबर २०१४ मध्ये लागू केली. जुन्या वेबमेलच्या पानात जागोजागी स्क्रिप्ट लिहिलेल्या असतात, पॉलिसी कडक केली की पेटी उघडत नाही आणि मग ती ढिली ठेवली जाते. पत्राचा मजकूर स्क्रिप्टला मनाई असलेल्या सँडबॉक्स आयफ्रेममध्ये (पानातल्या वेगळ्या, बंदिस्त चौकटीत) दाखवणे आणि जोडपत्रे वेगळ्या डोमेनवरून देणे, हे दोन्ही केले तर धुण्यात चूक झाली तरी नुकसान आवरते. आणि कोड लिहिणाऱ्यांसाठी क्रम: धुणे सगळ्यांत शेवटी. रंग, लिंका, चित्रांचे पत्ते जे काय बदलायचे ते आधी.

मुंबईतल्या लहान कार्यालयांचा प्रश्न याहून बराच प्राथमिक आहे. फोर्टमधली क्लिअरिंग एजंटची कचेरी असो की भांडुपचा कारखाना, डोमेन एकाने घेतलेले असते, होस्टिंग दुसऱ्याचे, आणि वेबमेल पॅनेलसोबत आलेले. आवृत्ती कोणती हे विचारले तर उत्तर मिळत नाही. ऑगस्ट २०२४च्या त्या फटीचा वापर जून २०२५ मध्ये पोलंडमध्ये होत असल्याचे समोर आले, म्हणजे दुरुस्ती निघाल्यावर दहा महिन्यांनी. ते दहा महिने अशाच कार्यालयांमुळे मिळतात. राउंडक्यूबमध्ये ‘बद्दल’ (अबाउट) हे बटण दाबले की आवृत्ती दिसते, पाहायला अर्धे मिनिट लागते.

मस्जिद बंदरच्या एका व्यापाऱ्याचे उदाहरण माझ्या डोळ्यांसमोरचे आहे. परदेशी ग्राहकाने पैसे भलत्याच खात्यात भरले होते, कारण खाते बदलल्याचे पत्र त्याला ‘शेठजींकडून’ आले होते. पासवर्ड बदलून झाला, सगळ्या संगणकांवर अँटिव्हायरस फिरवून झाला. सेटिंगमधल्या फिल्टरच्या पानावर कोणी गेले नव्हते. तिथे एकच नियम होता, नाव नुसता पूर्णविराम. ‘इन्व्हॉइस’ शब्द असलेल्या प्रत्येक पत्राची प्रत बाहेर जात होती. पासवर्ड बदलल्याने फिल्टर जात नाही. तो कधी आणि कुठून बसला हे लॉगमध्ये दिसले असते. २८ एप्रिल २०२२च्या केंद्रीय निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवायचे असतात आणि घटना ६ तासांत कळवायची असते. त्या सर्व्हरवर लॉगची मांडणी मूळ होती तशीच होती: दर आठवड्याला नवी फाइल, चार फाइली झाल्या की सर्वांत जुनी पुसली जायची. आम्ही पोहोचलो तेव्हा पैसे गेल्याला पाचवा आठवडा सुरू होता.