पाळणाघरांचे गुणवत्ता मानांकन

पाळणाघर, बालवाडी किंवा घरगुती संगोपन केंद्र मुलांना कसे सांभाळते हे ठरलेल्या निकषांवर तपासून त्याला श्रेणी देणे आणि ती उंचावण्यासाठी मदत पुरवणे, अशी ही दुहेरी व्यवस्था आहे. परवाना किमान सुरक्षिततेपुरता असतो. मानांकन त्यापुढचे पाहते. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्याने १९९८ मध्ये राज्यव्यापी तारांकन सुरू केले आणि नंतर बहुतेक राज्यांनी आपापली पद्धत आणली. ऑस्ट्रेलियात २०१२ पासून संपूर्ण देशासाठी एकच चौकट आहे. तिच्यात सात क्षेत्रे तपासली जातात.

निकष दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारात मोजता येणाऱ्या गोष्टी येतात : शिक्षिकांची पात्रता, खोलीचे क्षेत्रफळ, गटाचा आकार, एका व्यक्तीमागे किती मुले. तान्ह्या बाळांसाठी चार बाळांमागे एक व्यक्ती आणि गटात जास्तीत जास्त आठ बाळे हे प्रमाण चांगले मानतात. दुसऱ्या प्रकारात मुलाला रोज मिळणारी वागणूक येते : रडणाऱ्याला किती लवकर जवळ घेतले, प्रश्नाला उत्तर कसे मिळाले, जेवताना गप्पा होतात की नुसत्या सूचना. मुलाच्या वाढीशी या दुसऱ्या भागाचा संबंध अधिक थेट आहे. तो कागदपत्रांत दिसत नाही, त्यासाठी खोलीत बसावे लागते.

त्यासाठी निरीक्षणाच्या मोजपट्ट्या वापरतात. ईसीईआरएस (अर्ली चाइल्डहुड एन्व्हायर्नमेंट रेटिंग स्केल) ही तीन ते पाच वर्षांच्या मुलांच्या वर्गासाठीची मोजपट्टी. तिच्या तिसऱ्या आवृत्तीत ३५ बाबी आहेत, निरीक्षण सुमारे तीन तास चालते आणि प्रत्येक बाबीला १ ते ७ गुण मिळतात. गुण देण्याची रीत पायऱ्यांची आहे. १ या पायरीखाली दिलेल्या दोषांपैकी एक जरी लागू पडला, की त्या बाबीला १ च गुण. ३ च्या पायरीवरची सगळी विधाने पूर्ण झाल्याशिवाय त्या बाबीचा गुण २ च्या वर जात नाही, मग ७ च्या पायरीवरच्या कितीही गोष्टी तिथे असोत. त्यामुळे हात धुण्यातली नेहमीची हयगय किंवा मुलांचा हात न पोचणारे पुस्तकांचे कपाट संबंधित बाबीचा गुण पार खाली आणू शकते. केंद्रांची नाराजी अनेकदा इथेच असते आणि ती अगदीच अनाठायी नाही. क्लास ही दुसरी मोजपट्टी फक्त शिक्षिका आणि मुले यांच्यातल्या देवाणघेवाणीवर लक्ष ठेवते : वीस मिनिटे पाहणे, दहा मिनिटे गुण देणे, अशी सहसा चार आवर्तने.

सगळे गुण एकत्र कसे करायचे हा पुढचा पेच. पायरी पद्धतीत खालच्या श्रेणीचे सर्व निकष पूर्ण केल्यावरच वरची मिळते. एका निकषावर केंद्र वर्षभर अडकू शकते. बेरीज पद्धत, म्हणजे निकषांचे गुण मिळवून एकूण गुणांवर श्रेणी देणे, लवचिक खरी, पण तिच्यात सोपे गुण आधी गोळा होतात आणि फायली जाड होतात. ऑस्ट्रेलियात एका क्षेत्रातही ‘लक्षणीय सुधारणा आवश्यक’ असा निकाल आला, तर एकूण निकालही तोच लागतो. सरासरी काढणाऱ्या पद्धतीत मात्र मोठ्या मुलांचा उत्तम वर्ग बाळांच्या कमकुवत खोलीला झाकून टाकतो.

निरीक्षकही हळूहळू सैल किंवा कडक होतात. म्हणून ठरावीक काळाने दोघांना एकाच खोलीत बसवून त्यांचे गुण जुळवून पाहावे लागतात. भेटीचा दिवस आधी कळला तर खोली त्या दिवसापुरती सजते. म्हणून अनेक ठिकाणी काही आठवड्यांची मुदत सांगतात, नेमका दिवस सांगत नाहीत.

नुसती श्रेणी देऊन खोलीतले काहीच बदलत नाही. अहवाल लगेच हाती पडावा, त्यातून दोनच उद्दिष्टे निवडावीत आणि ती दिसतील अशा शब्दांत लिहावीत. ‘संवाद वाढवणे’ असे लिहिले तर कोणालाच काही करता येत नाही. ‘प्रश्न विचारल्यावर पाच सेकंद थांबणे, मुलाच्या उत्तरावर आणखी एक प्रश्न विचारणे’ हे करता येते आणि तपासताही येते. मार्गदर्शक नियमित येऊन शिक्षिकेसोबत खोलीत काम करते, छोटे चित्रीकरण दोघी मिळून पाहतात. एकदिवसीय प्रशिक्षणापेक्षा हे कितीतरी अधिक टिकते. मार्गदर्शक आणि गुण देणारी व्यक्ती एकच नसावी, नाहीतर शिक्षिका अडचणी लपवते.

पैशाचा क्रम बहुधा उलटा असतो. वरच्या श्रेणीला वाढीव अनुदान मिळते, पण जादा शिक्षिका, साहित्य आणि प्रशिक्षण यांचा खर्च त्याआधी करावा लागतो. गरीब वस्तीतली केंद्रे त्यामुळे खालीच राहतात. त्यांना सुरुवातीलाच रक्कम द्यावी लागते. पगार कमी असला की शिकवून तयार केलेली शिक्षिका सोडून जाते. श्रेणी मात्र पुढच्या तपासणीपर्यंत दारावर तशीच लटकत राहते. म्हणून वर्गशिक्षिका किंवा संचालक बदलल्यास मुदत संपायच्या आत पुन्हा निरीक्षण करण्याची तरतूद हवी.