वूफरच्या भोकातून नक्की काय बाहेर येतं?

कुपवाडच्या एमआयडीसीत एका शेडपुढे भाच्याचा ट्रक उभा होता. सीटमागे, बर्थच्या खाली एक खोकं. १८ एमएमचा प्लाय, वरून काळं रेग्झिन, आत बारा इंची वूफर, म्हणजे खालचे जाड सूर काढणारा स्पीकर. हा त्याचा दुसरा वूफर. पहिला हळदीच्या हंगामात गेला. आधी फडफडला, मग खरखरला आणि एका रात्री गप्पच झाला. म्हणून या वेळी खोक्याच्या भोकापुढे लिंबू-मिरची टांगलेली होती.

"नजर लागली, मामा. दुसरं काय?"

मी विचारलं, भोक केवढं पाडलंस? म्हणाला, तीन इंची, हातात होल-सॉ (गोल भोक पाडायची करवत) तेवढाच होता. आणि कशाला पाडलंस? "हवा बाहेर जायला. भोक असलं की बेस वाढतो." एवढं बोलून त्यानं गाणं लावलं आणि भोकापुढचं लिंबू डुलायला लागलं. "बघा, येतीय का न्हाई हवा?"

लिंबू डुलत होतं हे खरं. पण खोकं सगळीकडून सिलिकॉन भरून बंद केलेलं. त्यातून सतत हवा बाहेर येत असेल, तर ती आत कुठून जाते?

नळाखाली कळशी लावून आपण दुसऱ्या कामाला जातो. कळशी भरत आली की आवाज चढतो आणि आपण न बघता नळ बंद करायला धावतो. आत उरलेली हवा जितकी कमी, तितका स्वर वरचा. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली तरी तेच. (जलतरंगात उलटं होतं, पाणी वाढलं की स्वर उतरतो. तिथे हवा नाही, भांडं वाजतं.) बाटलीच्या पोटातली हवा स्प्रिंगसारखी वागते आणि मानेतली हवा त्या स्प्रिंगला बांधलेल्या वजनासारखी. वजन आत दाबलं की स्प्रिंग त्याला बाहेर ढकलते, बाहेर गेलं की आत ओढते. या झोक्याचा स्वतःचा एक ठरलेला वेग असतो. एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं असे पोकळ गोळे कानाला लावून गुंतागुंतीच्या आवाजातले एकेक स्वर वेगळे ओळखले. तेव्हापासून या प्रकाराला त्याचंच नाव आहे.

वूफरचं खोकं म्हणजे ही बाटलीच. भोक म्हणजे तिची मान.

आता माझा आवडता भाग. रबरबँडांची वीतभर साखळी करा, खाली एखादं कुलूप बांधा आणि वरचं टोक हातात धरा. हात सावकाश वर-खाली केला तर कुलूप हातामागून निमूट जातं. हात फार भराभर हलवला तर कुलूप उलटं वागतं. हात खाली तेव्हा ते वर, हात वर तेव्हा ते खाली. या दोन्हींच्या मधे एक वेग असा सापडतो की हात जेमतेम हलतो आणि कुलूप मात्र नाचतं. त्या वेगाला हाताला चांगलाच हिसका बसतो. कुलूपच हाताला हलू देत नाही म्हणा ना.

हात म्हणजे वूफरचा पुढे-मागे हलणारा कागदी कोन, रबर म्हणजे खोक्यातली हवा, कुलूप म्हणजे भोकातली हवा. कोन सावकाश आत गेला की भोकातली हवा तितकीच बाहेर येते. एक आत, एक बाहेर, म्हणजे ऐकणाऱ्याच्या वाट्याला जवळपास शून्य. वेग वाढवला की भोकातली हवा उलट्या चालीनं चालते. कोन बाहेर तेव्हा तीही बाहेर, आणि दोघांची बेरीज होते. एरवी कोनाच्या पाठीमागचा आवाज खोक्यात कोंडून वाया जातो, तो असा पुढच्या बाजूला कामाला लागतो. बेल लॅबोरेटरीत काम करणाऱ्या अल्बर्ट थुरास यानं १९३० मध्ये यासाठी पेटंटचा अर्ज केला आणि १९३२ मध्ये ते मिळालं. त्याचं नेमकं गणित मात्र पुढे १९६१ मध्ये थील या ऑस्ट्रेलियन इंजिनिअरनं मांडलं, आणि स्मॉल यानं सत्तरच्या दशकात ते पूर्णत्वाला नेलं.

मधल्या त्या नेमक्या वेगाला कोन जवळपास थांबतो आणि आवाजाचं सगळं काम भोकातली हवा करते. हा वेग म्हणजे खोक्याचं ट्युनिंग.

ते काढायचं कसं? भोकाचं क्षेत्रफळ घ्या. खोक्याचं घनफळ आणि भोकाची लांबी यांच्या गुणाकारानं त्याला भागा. आलेल्या आकड्याचं वर्गमूळ काढून त्याला ध्वनीच्या वेगानं गुणा आणि २π नं भागा. लांबी मोजताना भोकाच्या दोन्ही तोंडांजवळची थोडी हवाही सोबत हलते, म्हणून ती प्रत्यक्षापेक्षा जास्त धरावी लागते. भाच्याच्या खोक्यात आत ५० लिटर जागा, भोक साडेसात सेंटीमीटर व्यासाचं आणि लांबी म्हणजे फक्त प्लायची जाडी. उत्तर येतं ५७ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ५७ झोके.

पहिला वूफर यातच गेला. गाण्यातला बेस ३५–४० हर्ट्झपर्यंत खाली उतरतो. ट्युनिंगच्या खाली भोकातली हवा कोनाच्या मागून निमूट जाते, कोनाला कसला आधारच राहत नाही. तो मोकाट सुटतो. आवाज येत नाही म्हणून ड्रायव्हर व्हॉल्यूम वाढवतो आणि कोन आणखी झेपावतो. मी जुना वूफर उघडून बघितला. कोनाला हलवणारी तारेची कॉइल एका अंगानं चेपलेली, चुंबकाच्या फटीत घासून तिची तार सोललेली. नजरेनं कॉइल चेपत नाही.

त्या वूफरवर ४००० वॅट असं सोनेरी अक्षरात छापलं होतं. ट्रकची वायरिंग २४ व्होल्टची, म्हणून मधे १२ व्होल्टचा कन्व्हर्टर आहे आणि तो २० अँपियरचा आहे. १२ गुणिले २० म्हणजे २४० वॅट. आत २४० जातात आणि बाहेर ४००० येतात असं यंत्र कुणाकडे असेल, तर त्यानं ते वूफरमध्ये न बसवता महावितरणला विकावं.

आम्ही खोकं नव्यानं केलं. ट्युनिंग ३५ हर्ट्झ ठरवलं. ड्रेनेजचा चार इंची पीव्हीसी पाइप आणला, आतून १० सेंटीमीटर. गणितानं लांबी ३१ सेंटीमीटर आली. वूफरचा मागचा भाग, पाइप आणि आतल्या आडव्या पट्ट्या मिळून सहा-सात लिटर जागा खातात, ती वेगळी धरून खोकं ५७ लिटरचं केलं. हे वजा करायला विसरलं की ट्युनिंग वर सरकतं. सीटमागे पाइप सरळ बसेना. पाइपच्या आतल्या तोंडापुढे निदान पाइपच्या व्यासाइतकी मोकळी जागा लागते. म्हणून एक एल्बो लावला आणि लांबी वळणाच्या मध्यरेषेवरून मोजली. पाइप मुद्दाम ३६ सेंटीमीटरचा ठेवला होता. कापता येतो, वाढवता येत नाही.

मग मोबाइलवरून एकेक हर्ट्झचा सूर सोडायला सुरुवात केली. ४५ ला कोनावर बोट टेकवलं तर गुदगुल्या होत होत्या. ४०, ३८, ३६, तसतसा कोन शांत होत गेला. ३३ ला तो जवळजवळ थांबला. केबिनच्या काचा मात्र थरथरत होत्या आणि पाइपापुढे धरलेल्या अगरबत्तीचा धूर पिंजला जात होता. भाचा कोनाकडे बघायचा, मग काचेकडे. "थांबलाय की वो हा. मग वाजतंय कोण?"

वाजत होती साडेतीन-चार ग्रॅम हवा. पाइपात याहून जास्त मावत नाही. पाइप पाच सेंटीमीटर कापल्यावर कोनाचा थांबा ३५ ला आला. कोन एकेक सेंटीमीटर पुढे-मागे होऊन जेवढा आवाज देतो, तेवढा एकट्या पाइपाला द्यायचा तर हा हवेचा दांडा सेकंदाला ३५ वेळा सहा सेंटीमीटर पुढे आणि सहा मागे जातो. मधोमध त्याचा वेग होतो ताशी ४८ किलोमीटर, म्हणजे भरलेल्या ट्रकइतका. तेच काम तीन इंची भोकाकडून करून घेतलं तर वेग ८५ च्या वर जातो आणि बेसऐवजी फुसफुस ऐकू येते. चार इंचीच्या कडाही पॉलिश पेपरनं गोल केल्या, त्या याचसाठी.

लिंबाचं कोडं राहिलं. मेणबत्ती फुंकून विझवता येते, पण हवा ओढून विझवता येते का? करून बघा. फुंकर झोतानं एका दिशेला जाते, ओढलेली हवा मात्र तोंडाच्या सगळ्या बाजूंनी येते. पाइपाचंही तसंच. जेवढी हवा बाहेर तेवढीच आत, बेरीज शून्य. पण बाहेर जाताना ती झोतानं समोरच्या लिंबाला लागते आणि आत येताना आजूबाजूनं गोळा होते. लिंबाच्या वाट्याला फक्त धक्के येतात.

भाच्यानं हे सगळं ऐकून घेतलं, मेणबत्ती ओढूनही बघितली. नवं लिंबू मात्र टांगलंच. मी एवढंच पदरात पाडून घेतलं की ते पाइपापासून वीतभर बाजूला टांगायचं. अगदी तोंडाशी काही आडवं आलं की मान लांबल्यासारखी होते आणि ३५ चे ३४ होतात.