सर्व्हरस्पेक

सर्व्हरस्पेक ही चालू सर्व्हरचे कॉन्फिगरेशन आपोआप तपासण्यासाठी रूबी भाषेत लिहिलेली मुक्तस्रोत लायब्ररी आहे. जपानी अभियंता गोसुके मियाशिता यांनी ती २०१३ मध्ये प्रसिद्ध केली. एमआयटी परवान्याखाली असल्याने ती कोणालाही विनामूल्य वापरता आणि बदलता येते. सर्व्हरवर अमुक पॅकेज बसवलेले आहे का, अमुक सर्व्हिस चालू आहे का, अमुक पोर्ट उघडा आहे का, फाइलची मालकी आणि परवानग्या ठरल्याप्रमाणे आहेत का, असे प्रश्न टेस्टच्या रूपात एकदा लिहून ठेवायचे आणि हव्या त्या वेळी, हव्या तितक्या सर्व्हरना विचारायचे, हे तिचे काम. उत्तर प्रत्येक वेळी खुद्द सर्व्हरकडूनच घेतले जाते. ज्या साधनाने सर्व्हर उभा केला त्याच्या अहवालावर ती विसंबत नाही, आणि तिचे खरे मोल यातच आहे.

गरज

एका सर्व्हरमध्ये शेकडो पॅकेजे, त्यांच्या आवृत्त्या, कॉन्फिगरेशन फाइली, वापरकर्ते आणि फायरवॉलचे नियम असतात. एकाच कामासाठी असे आठ-दहा सर्व्हर लावलेले असतील, तर त्यांतल्या एकावर एखादी गोष्ट वेगळी राहिली तरी दिवसेंदिवस कोणाच्या लक्षात येत नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर व्यवहार कंपनीचे. न्यूयॉर्क शेअर बाजारात १ ऑगस्ट २०१२ रोजी किरकोळ गुंतवणूकदारांसाठी नवी योजना सुरू होणार होती. तिच्यासाठी कंपनीने ऑर्डर पाठवणाऱ्या प्रणालीचा नवा कोड आधीच्या काही दिवसांत आठ सर्व्हरवर चढवायला घेतला. सातांवर तो चढला, आठव्यावर राहून गेला. नव्या कोडने एका जुन्या खुणेला नवा अर्थ दिला होता. आठव्या सर्व्हरवर मात्र तीच खूण कित्येक वर्षे वापरात नसलेला जुना कोड जागा करत होती. बाजार उघडताच तो सर्व्हर ऑर्डरमागून ऑर्डर सोडू लागला. सुमारे ४५ मिनिटांत ४० लाखांहून अधिक व्यवहार झाले आणि कंपनीला ४६ कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. त्या धांदलीत तंत्रज्ञांनी उरलेल्या सात सर्व्हरवरचा योग्य कोडच काढून टाकला आणि नुकसान आणखी वाढले. अमेरिकी रोखे नियामकाने नंतरच्या आदेशात नोंदवले, की आठही सर्व्हर दुसऱ्या कोणी तपासून पाहावेत अशी लेखी पद्धतच कंपनीत नव्हती. सगळ्या सर्व्हरवर एकच फाइल आहे का, हे तिच्या चेकसमवरून (फाइलीच्या मजकुरावरून काढलेल्या ओळख-क्रमांकावरून) ताडता येते. सर्व्हरस्पेकमध्ये ती एका ओळीची टेस्ट आहे.

कॉन्फिगरेशन हाताने न करता कोडमधून करायची साधने तेव्हाही होतीच. मार्क बर्जेस यांनी ऑस्लो विद्यापीठात सीएफइंजिन १९९३ मध्ये सुरू केले. २००५ मध्ये पपेट, २००९ मध्ये शेफ आणि २०१२ मध्ये अँसिबल आले. या साधनांमुळे सर्व्हर उभारण्यातला मोठा घोळ संपला. पण अशा साधनाला जेवढे सांगितले तेवढेच ते पाहते. रात्री तातडीने कोणी हाताने केलेला बदल त्याच्या कक्षेबाहेरच्या फाइलीत असेल, तर त्याला तो दिसत नाही. सर्व्हिस सुरू करण्याची आज्ञा यशस्वी झाली आणि पाच सेकंदांनी ती सर्व्हिस कोसळली, तरी त्याचा अहवाल ‘सर्व ठीक’ असाच येऊ शकतो. हिशेब लिहिणाऱ्यानेच आपला हिशेब तपासू नये, हा पतपेढीतला साधा नियम इथेही लागू पडतो.

उगम

मियाशिता तेव्हा पेपरबॉय अँड कंपनी या जपानी वेब होस्टिंग कंपनीत काम करत होते. सर्व्हर पपेटने सांभाळले जात आणि पपेटचा कोड वाढत वाढत गुंतागुंतीचा झाला होता. तो नीट लावायचा होता, पण लावताना कुठला सर्व्हर बिघडेल याचा भरवसा नव्हता. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी हा प्रश्न टेस्ट लिहून फार पूर्वीच सोडवला होता: आधी वागणूक टेस्टमध्ये बांधून ठेवायची, मग आतला कोड निर्धास्तपणे बदलायचा. सर्व्हरसाठी तशी सोय तुटपुंजी होती. आरस्पेक-पपेटसारखी साधने पपेट काय करणार आहे याची यादी तपासत. यंत्रावर प्रत्यक्ष काय झाले ते तपासत नसत. मियाशितांनी रूबीतल्या आरस्पेक या लोकप्रिय टेस्ट चौकटीवरच आपली लायब्ररी उभारली. कॉन्फिगरेशनचा कोड सुधारायला मदत करणे हाच सर्व्हरस्पेकचा खरा हेतू, असे प्रकल्पाच्या अधिकृत पानावर स्पष्ट लिहिलेले आहे. बरेच वापरकर्ते तिच्याकडे निव्वळ तपासणी यादी म्हणून पाहतात आणि मूळ हेतू विसरतात, म्हणून हे मुद्दाम नोंदवायला हवे.

कार्यपद्धती

लायब्ररी बसवल्यावर सर्व्हरस्पेक-इनिट ही आज्ञा दिली की ती दोन-चार प्रश्न विचारते. लक्ष्य युनिक्स कुळातले आहे की विंडोज, आणि तिथे एसएसएचने (दूरच्या यंत्रावर सुरक्षितपणे आज्ञा चालवण्याच्या मार्गाने) जायचे की टेस्ट त्याच यंत्रावर चालवायच्या, हे सांगितले की टेस्टचा सांगाडा तयार होतो. टेस्टची भाषा वाक्यासारखी वाचता येते. एनजिनएक्सचा वेब सर्व्हर असेल तर टेस्टचा आशय साधारण असा: ‘एनजिनएक्स’ हे पॅकेज बसवलेले असावे, ‘एनजिनएक्स’ ही सर्व्हिस बूटच्या वेळी सुरू होणारी असावी आणि आत्ता चालू असावी, पोर्ट ४४३ उघडा असावा. पॅकेज, सर्व्हिस, पोर्ट, फाइल, वापरकर्ता, गट, क्रॉन, माउंट, कर्नलची मूल्ये अशा बऱ्याच गोष्टींसाठी तयार प्रकार आहेत. जिथे तयार प्रकार नाही तिथे कुठलीही आज्ञा चालवून तिचे आउटपुट किंवा एक्झिट कोड तपासता येतो.

पडद्यामागचे काम स्पेकइन्फ्रा ही सोबतची लायब्ररी करते. समोरची ऑपरेटिंग सिस्टीम कोणती हे ती ओळखते आणि त्याप्रमाणे आज्ञा निवडते. पॅकेजची चौकशी डेबियनवर डीपीकेजीच्या हत्याराने होते, रेड हॅटवर आरपीएमच्या. त्यामुळे टेस्ट लिहिणाऱ्याला हा फरक मनात ठेवावा लागत नाही. लक्ष्य सर्व्हरवर कुठलाही एजंट (कायम चालणारा मदतनीस प्रोग्राम) लागत नाही, रूबीसुद्धा लागत नाही. एसएसएचने आत जाता आले आणि नेहमीच्या आज्ञा तिथे असल्या की पुरे. विंडोजसाठी विनआरएम ही दूरनियंत्रणाची सोय आणि कंटेनरसाठी डॉकर हे मार्गही आहेत. टेस्ट फसली की अपेक्षा काय होती, नेमकी कोणती आज्ञा चालवली आणि काय उत्तर आले हे छापून येते. ज्याला रूबी येत नाही असा अनुभवी सिस्टीम ॲडमिनही ती आज्ञा उचलून सर्व्हरवर हाताने चालवून पाहू शकतो.

यात एक धोका आहे. बऱ्याच तपासण्यांना रूटचे, म्हणजे यंत्रावरच्या सर्वोच्च वापरकर्त्याचे, अधिकार लागतात आणि लायब्ररी मुळात ते अधिकार देणारी सुडो वापरूनच आज्ञा चालवते. म्हणजे ज्या यंत्रावरून टेस्ट चालतात, त्याच्याकडे सगळ्या सर्व्हरच्या किल्ल्या येतात. ते यंत्र इतर सर्व्हरइतक्याच, किंबहुना जास्त काटेकोरपणे सांभाळावे लागते.

टेस्ट लिहिताना

हत्यार सोपे आहे. काय विचारायचे हे ठरवणे अवघड. इथे झालेल्या चुकीने टेस्ट हिरवी, म्हणजे उत्तीर्ण, दिसते आणि सर्व्हर मात्र उघडा राहतो.

रूट लॉगिन बंद आहे का, हा नेहमीचा प्रश्न घेऊ. एसएसएचच्या कॉन्फिगरेशन फाइलीत ‘परमिटरूटलॉगिन नो’ हा मजकूर आहे का, एवढेच टेस्टने शोधले तर आधी ‘#’ लावून निकामी केलेली ओळही तिला चालते. म्हणून ओळ नेमकी त्याच शब्दाने सुरू होते हे रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकुराचा साचा सांगणाऱ्या सूत्रात) बांधावे लागते. तरीही काम संपत नाही. एसएसएच पुरवणाऱ्या ओपनएसएसएच या सॉफ्टवेअरच्या २०२० मधल्या ८.२ आवृत्तीपासून मुख्य फाइलीत दुसऱ्या फाइली जोडता येतात, आणि एकच सूचना दोनदा आली तर ओपनएसएसएच पहिली धरतो. जोडलेल्या फाइलीत उलटी सूचना आधी आली असेल, तर मुख्य फाइलीतली निर्दोष ओळ निरर्थक ठरते. एसएसएच डेमनला, म्हणजे सर्व्हरवर एसएसएच चालवणाऱ्या प्रोग्रामला, मोठ्या ‘टी’चा पर्याय देऊन चालवले की सगळ्या फाइली एकत्र वाचून शेवटी लागू होणारी मूल्ये तो छापतो. टेस्ट त्या आउटपुटवर लिहावी. फाइलीतला मजकूर आणि प्रत्यक्ष लागू असलेली स्थिती यांतला हा फरक जवळजवळ प्रत्येक सर्व्हिसच्या बाबतीत आढळतो.

पॅकेजच्या आवृत्तीचेही तसेच. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या लायब्ररीतला हार्टब्लीड हा सुरक्षा दोष उघड झाला. मूळ प्रकल्पात तो १.०.१जी या आवृत्तीत दुरुस्त झाला, पण डेबियन आणि रेड हॅट यांनी आपल्या जुन्या १.०.१ई या आवृत्तीतच दुरुस्ती बसवून पॅकेजचा पुढचा क्रमांक वाढवला. ‘१.०.१जी किंवा नंतरची’ अशी टेस्ट लिहिणाऱ्याला दुरुस्त झालेले सर्व्हरही लाल दिसत. उलट बाजूने, पॅकेज नवे बसवले पण वेब सर्व्हर पुन्हा सुरू केला नाही, तर स्मृतीत जुनीच लायब्ररी राहते. पॅकेजची टेस्ट हिरवी आणि दोष जिवंत. चालू प्रक्रियेने हटवलेली जुनी फाइल धरून ठेवली आहे का, हे वेगळ्या आज्ञेने तपासावे लागते.

डेटाबेसचा ३३०६ पोर्ट उघडा आहे, एवढ्या उत्तरावरही थांबू नये. तो फक्त १२७.०.०.१ या पत्त्यावर, म्हणजे त्याच यंत्रापुरता, उघडा आहे की सर्व जगासाठी, हा खरा प्रश्न आहे, आणि सर्व्हरस्पेकमध्ये पत्ता नेमका लिहिण्याची सोय आहे. ‘सर्व्हिस चालू आहे’ आणि ‘बूटच्या वेळी सुरू होते’ या दोन टेस्ट वेगळ्या ठेवल्या आहेत त्यामागेही कारण आहे: हाताने सुरू केलेली सर्व्हिस महिनोन्महिने व्यवस्थित चालते आणि वीज जाऊन यंत्र पुन्हा उठले की गायब असते.

आक्षेप

या पद्धतीवरचा मुख्य आक्षेप पुनरुक्तीचा आहे. ‘एनजिनएक्स बसव’ असे अँसिबलला सांगायचे आणि ‘एनजिनएक्स बसवले आहे का’ असे टेस्टमध्ये विचारायचे, यात नवे काय? आक्षेप खरा आहे आणि बऱ्याच संस्थांतल्या टेस्ट अशाच, कॉन्फिगरेशन कोडची नक्कल असतात. अशा टेस्ट सांभाळण्याचा भार मोठा आणि लाभ थोडा. पण उपाय टेस्ट सोडून देण्यात नाही. ग्राहकाला जे लागते ते विचारावे: पान उघडते का, प्रमाणपत्राची मुदत उरली आहे का, एका सर्व्हरवरून दुसऱ्याचा डेटाबेस गाठता येतो का, जिथे पोहोचू नये तिथे खरोखरच पोहोचता येत नाही का. पपेट सोडून अँसिबलकडे जायचे ठरले, किंवा जुनी ऑपरेटिंग सिस्टीम बदलायची वेळ आली, की अशा टेस्ट सोन्यासारख्या कामाला येतात, कारण त्या कुठल्याच साधनाशी बांधलेल्या नसतात.

दुसरा आक्षेप वेगाचा. प्रत्येक प्रश्न म्हणजे एसएसएचवरून एक आज्ञा. शेकडो टेस्ट आणि शेकडो सर्व्हर असले की वेळ लागतो. सर्व्हर समांतर तपासून तो कमी करता येतो. ही पद्धत निरीक्षण यंत्रणेची जागा घेत नाही, हेही लक्षात ठेवावे. टेस्ट बदलाच्या आधी-नंतर चालतात, निरीक्षण अखंड चालते. टेस्ट किचनसारख्या साधनाने तात्पुरते यंत्र उभे करायचे, कॉन्फिगरेशन लावायचे, टेस्ट चालवायच्या आणि यंत्र मोडून टाकायचे, ही साखळी जेनकिन्ससारख्या सीआय सर्व्हरवर (कोडमधला प्रत्येक बदल आपोआप तपासणाऱ्या सर्व्हरवर) बांधली की चुकीचा बदल खऱ्या सर्व्हरपर्यंत पोहोचण्याआधीच अडतो.

पुढील साधने

फिलिप पेपियो यांचे टेस्टइन्फ्रा हे पायथनमधल्या पायटेस्ट या टेस्ट चौकटीचे प्लगइन आहे आणि सर्व्हरस्पेकचा पायथनमधला पर्याय होण्याचा हेतू ते उघडपणे सांगते. अँसिबल वापरणाऱ्यांत ते विशेष रुळले, कारण ते अँसिबलची सर्व्हर-यादी थेट वाचू शकते. शेफ कंपनीने २०१५ मध्ये व्हल्कनोसेक ही जर्मन कंपनी विकत घेतली आणि इनस्पेक हे तपासणीचे साधन पुढे आणले. सुरक्षा नियमांचे पालन आणि लेखापरीक्षण यांवर त्याचा भर आहे. गो भाषेतले गॉस एकाच फाइलीचे आणि वेगवान आहे, त्याच्या टेस्ट यमल या साध्या मजकूर-स्वरूपात लिहितात. सर्व्हरची आत्ताची स्थिती वाचून गॉस स्वतःच टेस्ट तयार करून देते. ही सोय मोहक असली तरी सर्व्हर आधीच चुकीचा असेल तर ती चूकच टेस्टमध्ये नियम म्हणून बसते. म्हणून अशी तयार फाइल ओळीगणिक वाचल्याशिवाय वापरू नये.

भारतातील नियमपालन

सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांमुळे भारतातल्या डेटा सेंटर आणि कंपन्यांना या पद्धतीचा सरळ उपयोग झाला आहे. सर्व्हरची घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांच्या एनटीपी (वेळ जुळवणाऱ्या) सर्व्हरशी, अथवा त्यांच्याशी जुळणाऱ्या सर्व्हरशी जोडणे आणि लॉग १८० दिवस जपणे त्यात बंधनकारक आहे. दोन्ही अटी टेस्टमध्ये बसतात. घड्याळ जुळवणारी क्रोनी सर्व्हिस चालू असावी, बूटला सुरू होणारी असावी, आणि तिने निवडलेला वेळ-स्रोत मान्य यादीतला असावा. लॉगच्या बाबतीत जास्त जपावे लागते: बऱ्याच लिनक्स वितरणांत जुने लॉग हटवणारा लॉगरोटेट मुळात दर आठवड्याला फाइल बदलतो आणि चारच जुन्या फाइली ठेवतो, म्हणजे कोरा सर्व्हर महिनाभराच्या आसपासचेच लॉग राखतो. लॉग मध्यवर्ती साठ्याकडे पाठवले जात असतील तर टेस्ट दोन्ही टोकांना लागते. पाठवणारी सर्व्हिस प्रत्येक सर्व्हरवर जिवंत आहे का, हे एका टोकाला तपासायचे, आणि त्या सर्व्हरच्या नावाची १८० दिवसांपूर्वीची नोंद साठ्यात खरोखर सापडते का, हे दुसऱ्या टोकाला.